शिक्षक आणि संशोधक एकत्र बसून धडा घडवतात तेव्हा: होशंगाबाद आणि आपण

नर्मदाकाठची

मागच्या आठवड्यात इथेच एका धाग्यावर कुणीतरी लिहिलं होतं की शिक्षकांना नवीन काही नकोच असतं, कितीही चांगलं साहित्य वरून द्या, ते कपाटात जातं. त्यावर भराभर सहमतीचे प्रतिसाद पडले. वाचून वाईट वाटलं आणि रागही आला, पण दोन ओळीत उत्तर देऊन भागणारं नव्हतं म्हणून वेगळा धागा काढतेय. लांबलाय, सवडीने वाचा.

माझं म्हणणं असं की साहित्य कपाटात जातं ते वरून येतं म्हणूनच जातं. ज्या शिक्षकाने तो धडा घडवताना त्यात हात घातलाय, वाद घातलाय, हे माझ्या वर्गात चालणार नाही असं सांगून बदलून घेतलंय, तो शिक्षक ते कपाटात ठेवत नाही. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाहीये, अशा धड्यांवरच मी शिकलेय.

माझं लहानपण मध्य प्रदेशातल्या हरद्यात गेलं. घर मराठी, शाळा सरकारी आणि हिंदी. हरदा तेव्हा होशंगाबाद जिल्ह्यात होतं (वेगळा जिल्हा १९९८ ला झाला, आणि होशंगाबादचंही नाव आता नर्मदापुरम आहे). सहावी ते आठवी विज्ञानाला आम्हाला 'बाल वैज्ञानिक' नावाचं पुस्तक होतं. त्यात व्याख्या नव्हत्या, तयार उत्तरं नव्हती. काय करून बघायचं ते लिहिलेलं आणि मधे मधे प्रश्न. चार जणांची एक टोळी, टोळीला किटमधलं सामान, बाकीचं गावात मिळेल ते. सुई नसली तर बाभळीचा काटा. उत्तर आपण बघून, आपसात बोलून, आपल्या शब्दात वहीत लिहायचं. परीक्षेत पुस्तक आणि वही उघडी ठेवायला परवानगी, शिवाय प्रत्यक्ष प्रयोगाची परीक्षा वेगळी.

त्यात मोजमापाचा एक भाग होता, 'घट-बढ़'. फळ्याची लांबी सगळ्यांनी मोजायची. प्रत्येकाचा आकडा थोडा वेगळा यायचा, आणि सरांनी ते सगळे आकडे फळ्यावर लिहिले, एकही खोडला नाही. मग प्रश्न असा की यातला खरा कुठला? कुणी पट्टी कुठून लावली, कुणी वाकडी धरली, कुणाची पट्टी झिजलेली यावर तासभर बोलणं चाललं आणि शेवटी गाडी सरासरीपर्यंत आली. मोजताना फरक पडतोच, तो चुकीमुळेच पडतो असं नाही, ही गोष्ट पुढे बीएस्सीला एरर ॲनालिसिस म्हणून आली तेव्हा वर्गातल्या बऱ्याच जणांना जड गेली, मला ती आधीच माहीत होती.

आता हा धडा कुणी लिहिला? इथेच मुद्दा आहे.

होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम १९७२ ला १६ सरकारी शाळांत सुरू झाला. किशोर भारती आणि रसुलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी तो सुरू केला, बरोबर दिल्ली विद्यापीठ आणि टीआयएफआरचे (मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था) वैज्ञानिक होते. १९७८ ला तो जिल्ह्यातल्या सगळ्या माध्यमिक शाळांत गेला (मध्य प्रदेशात माध्यमिक म्हणजे सहावी ते आठवी). पुढे १९८२ ला एकलव्य संस्था स्थापन झाली आणि तिने तो सांभाळला, इतर जिल्ह्यांतही नेला. पुण्याला टेल्कोत (आताची टाटा मोटर्स) इंजिनियर असलेले अरविंद गुप्ता १९७८ ला सुट्टी काढून इथेच आले होते, सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि काडेपेटीच्या काड्या यांचे त्यांचे आकार इथलेच.

पण नावं सांगणं हा माझा हेतू नाही. मला सांगायचंय ते त्यांच्या कामाच्या पद्धतीबद्दल. वैज्ञानिकांनी दिल्लीत बसून पुस्तक लिहिलं आणि शिक्षकांना वाटलं असं झालं नाही. उन्हाळ्यात लांबलचक प्रशिक्षण व्हायचं, तिथे शिक्षक स्वतः मुलांसारखे टोळ्या करून प्रत्येक प्रयोग करायचे, तेच प्रश्न सोडवायचे. तिथेच पहिला विरोध यायचा की हे होत नाही, हा प्रश्न कळत नाही, हे सामान टिकत नाही. मग वर्ष सुरू झालं की दर महिन्याला जवळपासच्या शाळांतल्या विज्ञान शिक्षकांची बैठक. आणि मधे मधे कुणीतरी शाळेत येऊन वर्गात बसायचं, याला 'अनुवर्तन' म्हणायचे. तपासणी नव्हे. येणारा बऱ्याचदा दुसऱ्या शाळेतला शिक्षकच असायचा. पुढच्या आवृत्त्यांत धडे बदलले ते या सगळ्यातून. आणि काही वर्षांनी प्रशिक्षण देणाऱ्यांत शिक्षकच मोठ्या संख्येने होते.

मला स्वतःला वाटतं की या सगळ्यात पुस्तकापेक्षा, किटपेक्षा, मासिक बैठक महत्त्वाची. कारण ज्या आठवड्यात धडा फसला त्याच महिन्यात तो बोलून दाखवायची जागा होती, आणि ऐकणारा माणूस धडा बदलू शकणारा होता. आपल्याकडे ऐकणारे असतात पण त्यांच्या हातात काही नसतं, आणि ज्यांच्या हातात असतं ते ऐकायला येत नाहीत.

आता तुम्ही सांगा. इथे बरेच शिक्षक आहेत, काही संशोधन करणारे आहेत, पालक आहेत. कुणी खरंच असं एकत्र काम केलंय का? चाललं का? कुठे अडलं?

---

खानदेशी_मास्तर

ताई मस्त लिहिलंय. यात आमच्या जळगावचं एक नाव जोडतो, खिरोदा. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ ला सुरू झालं (तेच, टीआयएफआरचं, आता मानखुर्दला आहे ते) आणि सुरुवातीच्या काळातच त्यांनी खिरोदा परिसरातल्या प्राथमिक शाळांत काम केलं. वि. गो. कुलकर्णी तेव्हा प्रमुख होते. मुलं विज्ञानात मागे पडतात ती विज्ञान अवघड म्हणून की पुस्तकाची भाषा अवघड म्हणून, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांनी पुस्तकातला मजकूर साध्या भाषेत लिहून वर्गात वापरून बघितला आणि फरक दिसला. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण खेड्यातल्या वर्गात उभं राहिल्याशिवाय हा प्रश्न सुचतच नाही. शहरातल्या माणसाला पुस्तकाची मराठी मराठीच वाटते, माझ्या वर्गात अहिराणी आणि पावरी बोलणारी पोरं आहेत, त्यांना ती परकी वाटते.

आता कडू अनुभव. काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेत एका संस्थेचे लोक आले. नाव घेत नाही. "शिक्षकांच्या सहभागातून नवोपक्रम" असं पत्रात लिहिलेलं. आले तेव्हा धडा तयार, कार्ड छापलेली, कॅमेरा लावलेला. मला म्हणाले सर तुम्ही फक्त असं असं शिकवा. मी म्हटलं अहो माझ्याकडे दुसरी तिसरी एकत्र बसते, हे चाळीस मिनिटांचं काम मी कसं करू, तर म्हणाले आजच्या दिवस तिसरीला बाहेर बसवा. बसवली. पोरं व्हरांड्यात बसून आत बघत होती. आधी चाचणी झाली, नंतर चाचणी झाली, गेले. त्याचं काय झालं, पोरांना काय आलं काय नाही, काही कळवलं नाही. फोन केला तर रिपोर्ट अजून व्हायचाय. आता पुढच्या वेळी असं पत्र आलं की मी पहिल्यासारखा उत्साहाने हो म्हणेन का?

म्हणून त्या दुसऱ्या धाग्यावर जे लिहिलं गेलं त्याचं मलाही फार लागलं होतं.

---

अनंत०७

तो प्रतिसाद माझाच होता, तेव्हा मी बोललं पाहिजे. मी शिक्षक नाही, एका कंपनीच्या सीएसआर (सामाजिक कामासाठीच्या) फंडाचं काम बघतो आणि शाळांना दिलेलं साहित्य पाकीटबंद बघून बघून तसं लिहिलं गेलं. मास्तरांचा व्हरांड्यातला प्रसंग वाचून वाईट वाटलं.

पण प्रश्न राहतोच. होशंगाबाद ३० वर्षं चालून २००२ ला बंद पडलं ना? आणि १६ शाळांत वैज्ञानिक जाऊन बसू शकतात, महाराष्ट्रात एक लाखाहून जास्त शाळा आहेत. प्रत्येक केंद्रात (जवळपासच्या शाळांच्या गटात) संशोधक कुठून आणणार? चांगली गोष्ट छोट्या जागी छान दिसते आणि मोठी करायला गेलं की मोडते असंच आजवर दिसलंय.

---

नर्मदाकाठची

@अनंत०७, मोकळेपणाने लिहिलंत, बरं वाटलं.

बंद पडलं नाही, बंद केलं गेलं. शासनाने आदेश काढून केलं, देशभरातल्या वैज्ञानिकांनी आणि शिक्षणातल्या लोकांनी विरोध केला तरी. दोन्हींत फरक आहे, कारण शाळांत ते थकून थांबलेलं नव्हतं. आणि १६ शाळांवरून अख्ख्या जिल्ह्यात गेलं ते सहा वर्षांत गेलं, तेही सरकारी शाळांत, सरकारी शिक्षकांबरोबर, सरकारी परीक्षेत बदल करून. परीक्षा बदलली हे फार महत्त्वाचं आहे हां, कारण वर्गात प्रयोग आणि परीक्षेला व्याख्या असं असतं तर पहिल्या वर्षीच संपलं असतं.

संशोधक प्रत्येक केंद्रात लागत नाही. सुरुवातीला लागतो, मग शिक्षकच ते काम करायला लागतात. पण त्यासाठी त्यांना तशी माणसं म्हणून वागवावं लागतं, नुसतं राबवायचं नाही.

---

शोधयात्री

मी विज्ञान आणि गणित शिक्षणात संशोधन करते, त्यामुळे खानदेशी मास्तरांचा प्रतिसाद वाचताना मान खाली गेली. असं होतं, आणि का होतं ते आमच्या बाजूने सांगते. समर्थन म्हणून नाही, पण कारण माहीत असलं तर बदलता येईल.

फंडिंग बहुतेक तीन वर्षांचं. त्यात पहिलं वर्ष परवानग्यांत जातं. शेवटी पेपर किंवा थिसिस लागतो, आणि "शिक्षकाबरोबर बसून धडा पाच वेळा बदलला" हे पेपरात मांडायला अवघड, कारण परीक्षक विचारतात की मग नक्की कशामुळे फरक पडला? त्यापेक्षा तयार धडा, आधीची चाचणी, नंतरची चाचणी हे सोपं पडतं. म्हणून लोक तिकडे वळतात.

खरं तर यावर उपाय ३० वर्षांपूर्वीच मांडला गेलाय. ॲन ब्राउन नावाच्या अमेरिकेत काम करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ होत्या, मुलांच्या शिकण्यावर आधी प्रयोगशाळेत काम करायच्या, मग वर्गात गेल्या आणि त्यांना दिसलं की वर्गात सगळ्या गोष्टी एकमेकांत गुंतलेल्या असतात, एकच गोष्ट सुटी काढून मोजता येत नाही. १९९२ ला त्यांनी यावर लिहिलं, त्याच सुमाराला ॲलन कॉलिन्स यांनीही. तिथून ही पद्धत पुढे आली की धडा घडवा, वर्गात न्या, बघा, बदला, पुन्हा न्या, आणि का बदलला याची नोंद ठेवा, ती नोंद म्हणजेच संशोधन. होशंगाबादला हे २० वर्षं आधीच चालू होतं हे आमच्या क्षेत्रातल्या कितीतरी जणांना माहीत नसतं याचं मला फार दुःख आहे.

माझा एक अनुभव. अपूर्णांकावर आम्ही काही शिक्षकांबरोबर बसलो होतो. मुलं एक अष्टमांश हा एक षष्ठांशापेक्षा मोठा म्हणतात कारण आठ सहापेक्षा मोठे, हे सगळ्या शिक्षकांना माहीत असतं. आम्ही वाटणीपासून सुरुवात करायचं ठरवलं होतं, तीन भाकरी चार मुलांत, चार भाकरी तीन मुलांत असं. आमच्या मते एकदम घरगुती. एक बाई म्हणाल्या, अहो गोल भाकरीचे तीन सारखे भाग कुठल्या मुलाला करता येतात? आधी ते चुकणार, मग त्या चुकीवरच तास जाणार, अपूर्णांक राहील बाजूला. चिक्कीची लांब वडी घ्या. दुसरे एक सर म्हणाले, आमच्याकडे घरी भाकरी सारखी वाटतच नाहीत, शेतातून आलेल्याला जास्त, लहानग्याला कमी, आणि मुलांच्या दृष्टीने तेच बरोबर आहे. "सारखी वाटणी" हे आधी वर्गात ठरवून घ्यावं लागेल. या दोन गोष्टी आम्ही वाचलेल्या कुठल्याच पेपरात आम्हाला सापडल्या नव्हत्या. धडा पूर्ण बदलला. पट्टी आली, वाटणीचा नियम मुलांनी ठरवायचा असं आलं, आणि नंतर तीच पट्टी मोजायला वापरता आली त्यामुळे अपूर्णांक संख्यारेषेवर न्यायची सोय आपोआप झाली. गोल भाकरीने ते जमलं नसतं.

आणि उलटही झालं, ते सांगितलं नाही तर एकतर्फी होईल. शिक्षक म्हणत होते की छेद समान करायची रीत लगेच द्या, मुलं गोंधळतात. आम्ही थांबायला सांगितलं कारण रीत आली की मुलं विचार करणं सोडतात असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. त्यांनी थांबून बघितलं, आणि दोन तीन वर्गांत मुलांनी पट्ट्या शेजारी ठेवून रीत स्वतः काढली. म्हणजे दोघांकडे वेगळं वेगळं काहीतरी आहे, म्हणूनच एकत्र बसायचं.

---

खानदेशी_मास्तर

चिक्कीची वडी! अगदी बरोबर त्या बाई. मी पाचवीला भाकरीच काढायचो फळ्यावर, आता पट्टी करून बघतो.

---

तोक्योतली_आई

माझी मुलगी इथे जपानमध्ये सरकारी प्राथमिक शाळेत जाते. सुरुवातीला शाळेतून चिठ्ठी आली की अमुक दिवशी एक वर्ग सोडून बाकी सगळ्या मुलांना दुपारी लवकर घरी सोडणार. मला कळेना. मग समजलं की त्या दिवशी एका वर्गावर एक शिक्षिका धडा घेणार आणि शाळेतले सगळे शिक्षक वर्गात मागे, बाजूला उभे राहून मुलांना बघणार. याला जुग्यो केनक्यू म्हणतात, म्हणजे धड्याचा अभ्यास.

ओळखीच्या एका शिक्षिकेने सगळं समजावून सांगितलं ते लिहिते. आधी काही आठवडे गटाने तो एकच धडा अभ्यासायचा. पुस्तकात तो का आहे, आधी काय झालंय, पुढे काय येणार, मुलं कुठली कुठली उत्तरं देतील. त्याचं लेखी टिपण होतं, त्यात मुलांच्या संभाव्य उत्तरांचा वेगळा रकाना असतो. फळा कसा दिसेल याचीसुद्धा आखणी असते, तास संपताना संपूर्ण विचार फळ्यावर दिसला पाहिजे म्हणून मधे पुसत नाहीत. धड्यानंतर सगळे बसतात. आधी शिकवणारी बोलते, मग बघणारे. आणि बोलायचं ते धड्याबद्दल आणि मुलांबद्दल, बाईंबद्दल नाही, कारण धडा गटाचा असतो, त्या फक्त उभ्या राहिलेल्या असतात. शेवटी बाहेरून बोलावलेली व्यक्ती बोलते, बऱ्याचदा विद्यापीठातली किंवा अनुभवी माजी शिक्षक.

@अनंत०७ तुमच्या मोठ्या प्रमाणावरच्या प्रश्नाचं उत्तर मला यात दिसतं. हे शंभरेक वर्षं जुनं आहे इथे आणि देशभर आहे. बाहेरची व्यक्ती वर्षातून काही वेळाच येते, बाकी शिक्षकच चालवतात. पण मुलांना लवकर सोडून तो वेळ काढला जातो, शिक्षकांना रविवारी बोलावून नव्हे. पालकही त्याबद्दल तक्रार करत नाहीत, निदान मी ऐकली नाही.

---

भिंगरी

आपल्याकडे महाराष्ट्रात याची सुरुवात झालीच नव्हती असं नाही हं. साताऱ्याच्या कुमठे बीटमध्ये (शिक्षण विस्तार अधिकाऱ्याकडे असलेला शाळांचा गट) प्रतिभा भराडे मॅडम विस्तार अधिकारी असताना शिक्षकांनी मिळून ज्ञानरचनावादाचं, म्हणजे मूल स्वतः करून ज्ञान घडवतं या विचाराचं, काम उभं केलं. मी तेव्हा नवीन शिक्षिका होते आणि आमच्या तालुक्यातून बसने तिकडे बघायला गेलो होतो, सगळ्या राज्यातून लोक येत होते. २०१५ च्या जूनमध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा जीआर आला आणि मग तो विचार सगळीकडे न्यायचं ठरलं.

नेलं काय? फरशीवरची आखणी. अंकांचे चौकोन, अक्षरांचे गोल, वर्तुळात बसलेली मुलं. गावोगावी रंगाचे डबे आणून शिक्षकांनी स्वतःच्या खिशातून फरशा रंगवल्या, मीसुद्धा रंगवली आणि मुलांना आवडलीही. पण तिथल्या शिक्षकांनी आपसात बोलून, वाचून, मुलांकडे बघून, हे टाकून ते धरून जो विचार केला होता, तो बसमधून एक दिवस बघायला आलेल्याला कसा दिसणार? फरशीचा फोटो काढता येतो, बैठकांचा काढता येत नाही. त्यामुळे फरशी पसरली आणि मुळातलं काम तिथेच राहिलं. याचा दोष तिथल्या शिक्षकांना नाही आणि रंगवणाऱ्यांनाही नाही. पसरवायचं काय हेच ठरवताना चुकलं.

---

गणितवेडा

भिंगरींशी पूर्ण सहमत. गणितमाळेचं तेच. शंभर मण्यांची, दहा दहा दोन रंगांत. दिल्लीच्या जोडो ज्ञान संस्थेने ती आपल्याकडे रुजवली, मूळ विचार नेदरलँड्सच्या फ्रॉइडेंथाल संस्थेकडचा, तिथे मण्यांच्या माळेवरून मुलं रिकाम्या संख्यारेषेवर जातात. माळेचं खरं काम उडी मारण्यात आहे, सत्तावीसवरून तेहेतीसपर्यंत जायचं तर आधी तीन मग तीन, मूल दहाच्या टप्प्यावर थांबायला शिकतं. मी कितीतरी शाळांत माळ खिळ्याला टांगलेली बघितली आणि मुलं तिच्यावर एक एक मणी मोजतायत. एक एक मोजायला चिंचोकेही चालतात. कुणी शिक्षकांबरोबर दोन तास नीट बसलं असतं तर हे झालं नसतं.

आणि २०१९ आठवतंय का? दुसरीच्या पुस्तकात संख्यावाचन, 'एकवीस'ऐवजी 'वीस एक' वगैरे. मंगला नारळीकर गणित समितीच्या अध्यक्ष होत्या. कारण चांगलं होतं, मराठीत सदुसष्ट म्हणताना सात आधी येतो आणि लिहिताना सहा आधी, शिवाय जोडाक्षरं, लहान मुलं अडखळतात. पुस्तकात दोन्ही पद्धती दिल्या होत्या. तरी विधानसभेपर्यंत गोंधळ झाला. माझं मत असं की ज्या शिक्षकांना रोज वर्गात हे अडखळणं दिसतं, ते आधीपासून त्यात असते आणि त्यांनी आपल्या गावात पालकांना सांगितलं असतं तर ही बातमी टीव्हीवर पहिल्यांदा कळायची वेळ आली नसती. नारळीकर बाईंनी त्या वयात एवढ्या शांतपणे सगळ्यांना उत्तरं दिली, त्याबद्दल मला त्यांचा कायम आदर वाटेल.

---

अनंत०७

वाचतोय सगळं. जपानचं आणि फरशीचं वाचून माझं मत बरंच हललं. आता सरळ व्यवहाराचा प्रश्न. वेळ कुठून आणायचा? शिक्षकांना मतदार यादी, पोषण आहार, ऑनलाइन माहिती, हे सगळं आहे. त्यात दर महिन्याला बैठक?

---

निवृत्त_केंद्रप्रमुख

वेळ आहे. शासनाने दिलेला आहे. केंद्राची शिक्षण परिषद दर महिन्याला होते, शाळा सुटून किंवा अर्धा दिवस, सगळे शिक्षक येतात. पण तिथे काय होतं हे मी बरीच वर्षं चालवून सांगतो. आधी परिपत्रकं वाचली जातात. मग राहिलेली माहिती, कुणाची यूडायस (शाळेची सरकारी ऑनलाइन माहिती) बाकी, कुणाचे फोटो बाकी. मग एक जण आदर्श पाठ घेतो, तो इतका सजवलेला असतो की रोजच्या वर्गाशी संबंध नाही, सगळे टाळ्या वाजवतात. मग चहा आणि अहवाल.

मी शेवटच्या काही वर्षांत एवढंच केलं की परिपत्रकं आदल्या दिवशी व्हॉट्सॲपवर टाकायची आणि परिषदेत त्यावर एक शब्द बोलायचा नाही. आणि आदर्श पाठ बंद. त्याऐवजी या महिन्यात वर्गात जे जमलं नाही ते एकाने मांडायचं, मुलांच्या वह्या घेऊन यायचं. पहिले काही महिने कुणी बोलेना. साहजिक आहे, साहेबांसमोर जमलं नाही असं कोण म्हणेल? मग मी कोपऱ्यात बसायला लागलो आणि बैठक एका तरुण शिक्षिकेकडे दिली. त्यानंतर वह्या यायला लागल्या. हातच्याच्या वजाबाकीवर एकदा एवढी चर्चा रंगली की शेवटची एसटी चुकली तरी लोक उठेनात.

अडचण कुठे आली ती सांगतो. आपसात बोलून बोलून आम्ही एका ठिकाणी अडकायचो. मूल असं का करतं हे आम्हाला दिसायचं, पण पुढे काय करावं यासाठी बाहेरचं वाचन लागतं, ते आमच्याकडे नव्हतं. डाएटचे (जिल्ह्याची शिक्षक प्रशिक्षण संस्था) एक अधिव्याख्याते यायचे तेव्हा फार उपयोग व्हायचा, त्यांची बदली झाली आणि थांबलं. शोधयात्री मॅडमसारखं कुणी वर्षातून चार वेळा जरी आलं असतं तरी आम्ही खूप पुढे गेलो असतो.

---

नर्मदाकाठची

सर तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. वह्या घेऊन यायचं हे फार नेमकं आहे, कारण वही समोर असली की बोलणं शिक्षक चांगला की वाईट यावर जात नाही, मुलाने काय विचार केला यावर जातं. आणि साहेबाने कोपऱ्यात बसायचं हेही, अनुवर्तनाला तपासणीचा वास येऊ नये म्हणून होशंगाबादला जी काळजी घ्यायचे ती अगदी हीच.

@अनंत०७, तुमच्या फंडातून साहित्याच्या पेट्यांऐवजी एखाद्या केंद्राला बाहेरच्या माणसाचा प्रवासखर्च आणि पुस्तकं असं देता येईल का? पेटीपेक्षा स्वस्तच पडेल.

---

शोधयात्री

@निवृत्त_केंद्रप्रमुख सर, @खानदेशी_मास्तर, मी यायला तयार आहे. मास्तरांच्या केंद्रप्रमुखांची हरकत नसेल तर जूननंतरच्या परिषदांना. चाचणी नाही, कॅमेरा नाही, तयार धडा नाही. पहिल्या वेळी फक्त ऐकेन आणि वह्या बघेन. पुढे काही लिहायचं झालंच तर आधी तुम्हाला दाखवेन, आणि धडा घडवणाऱ्यांत शिक्षकांची नावं बरोबरीने येतील, त्यांची इच्छा असेल तर.

---

खानदेशी_मास्तर

मॅडम या. केंद्रप्रमुखांशी उद्याच बोलतो, माणूस चांगला आहे, हो म्हणेल असं वाटतं. दोन गोष्टी आधीच सांगून ठेवतो. आमच्या केंद्रात निम्म्या शाळा द्विशिक्षकी आहेत, त्यामुळे जे काही घडवू ते दोन इयत्ता एकत्र बसवून चाललं पाहिजे, कुणीही व्हरांड्यात बसणार नाही. आणि पहिल्या परिषदेआधी आमच्या एका वर्गात पूर्ण दिवस बसा, परिपाठापासून शाळा सुटेपर्यंत.

---

शोधयात्री

दोन्ही मान्य. पूर्ण दिवस बसायला मला आवडेलच. विषय तुम्ही ठरवा.

---

अनंत०७

प्रवासखर्चाचं ऑफिसात विचारतो. आमच्या फॉर्मात "वाटप केलेल्या वस्तूंची संख्या" असा रकाना आहे, बैठकीला तिथे काय लिहायचं हे वरिष्ठांना पटवावं लागेल. पण प्रयत्न करतो, शब्द देतो.

---

भिंगरी

नर्मदाकाठची ताई, बाल वैज्ञानिक आता कुठे वाचायला मिळेल? आणि मराठीत असं काही?

---

नर्मदाकाठची

एकलव्यच्या साइटवर मिळेल, भाषा हिंदी आहे पण सोपी आहे. अरविंद गुप्ता यांच्या साइटवरही शिक्षणावरची भरपूर पुस्तकं मोफत आहेत, मराठीही आहेत. मराठीत पुण्याची नियतकालिकं 'शैक्षणिक संदर्भ' आणि 'पालकनीती' यांचे जुने अंक शोध. होमी भाभा केंद्राची 'स्मॉल सायन्स' मालिका मराठीतही आहे, तिची शिक्षकांसाठीची पुस्तकं आधी वाच, मुलांची नंतर. बाल वैज्ञानिकमध्ये सहावीपासून सुरुवात कर, आणि एखादा प्रयोग स्वतः करून बघितल्याशिवाय पुढचं पान उलटू नकोस.